डेड स्टॉकचं रजिस्टर

शाळेला कुणी काही भेट दिली, की पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्यावर माझं काम सुरू व्हायचं. हारतुरे उचलायचे, शेजारच्या मंडळाकडून आणलेली सतरंजी परत पाठवायची आणि मग डेड स्टॉक रजिस्टर उघडून बसायचं. वस्तूचं नाव, नग, अंदाजे किंमत, कुणाकडून मिळाली, तारीख, खाली मुख्याध्यापिकेची सही. ती सही झाली, की वॉटर कूलर असो की पंखा, तो शाळेचा. बिघडला तर शाळेचा, चोरीला गेला तरी शाळेचा, आणि मोडीत काढायचा तर निर्लेखनाचा प्रस्तावही शाळेनेच करायचा. नवी मुंबई महापालिकेच्या शाळांत मी आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापिका म्हणून नोकरी केली आणि २०२४ मध्ये निवृत्त झाले. शाळेत सोयी कशा येतात आणि कशा जातात, हे मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा त्या रजिस्टरने जास्त शिकवलं.

माझी शेवटची शाळा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला, एका गावठाणाला खेटून. रस्ता ओलांडला की एमआयडीसीचा टीटीसी औद्योगिक पट्टा. १९६०च्या दशकात इथे रसायनांचे कारखाने आले. मी नोकरीला लागले तेव्हा वारा पूर्वेकडून आला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत. पुढे काही कारखाने बंद पडले, काही जागांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आयटी पार्क आले, डेटा सेंटर आली. शाळेतली मुलंही बदलत गेली. आधी गावातली, आगरी-कोळी घरांतली. मग जालना, परभणी, बीडकडून आलेल्या नाका कामगारांची, बाजार समितीतल्या माथाड्यांची, उत्तर प्रदेश आणि कर्नाटकातून आलेल्यांची. गावातल्या बऱ्याच घरांनी तोवर आपली मुलं इंग्रजी शाळेत घातली होती.

पण शाळेचा पाया गावाचा. हे मी म्हणत नाही, गावातले एक म्हातारे बाबा म्हणायचे. पंधरा ऑगस्टला पांढरी टोपी घालून यायचे आणि जुन्या खोलीच्या जोत्यावर हात ठेवून सांगायचे, "यो पाया आमच्या बापाच्या हातचा हाय गो बाय." आधी शाळा देवळात भरायची. मग गावकीने जागा दिली, खाडीतली रेती होडीने आणली, मिठागरावरची कामं आटोपून माणसं संध्याकाळी भिंती रचायला यायची. त्या वेळी शाळा जिल्हा परिषदेची होती. १ जानेवारी १९९२ ला महापालिका अस्तित्वात आली आणि पुढे या शाळा तिच्याकडे गेल्या. त्यांना क्रमांक मिळाले, पक्क्या इमारती झाल्या. आज त्या जुन्या खोलीत तांदळाची पोती आणि मोडके बाक ठेवतात. जागा कुणी दिली याची पाटी तिथे नाही, आणि बाबांनी ती कधी मागितलीही नाही.

कारखान्यांची मदत पूर्वीही यायची, पण हाताच्या अंतरावरची. दिवाळीआधी वह्या, एखाद्या मालकाच्या वडिलांच्या नावाने दोन कपाटं, रोटरी किंवा लायन्सवाल्यांकडून डोळे तपासणी. सगळं ओळखीतून. कुणाचा ड्रायव्हर आमचा पालक असायचा, तो साहेबांच्या कानावर घालायचा.

२०१४ नंतर हे बदललं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ ला लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. त्या खर्चाच्या यादीत शिक्षण आहे, आणि कंपनीच्या गेटमधून दिसेल अशी शाळा आमची. फोन यायला लागले. आधी वाटलं, आता शाळेचं नशीब उघडलं.

फोन बहुतेक फेब्रुवारीत यायचे. "मॅडम, एकतीस मार्चच्या आत खर्च दाखवायचा आहे, तुम्हाला काय हवंय ते उद्यापर्यंत कळवा." उद्यापर्यंत! फेब्रुवारीत आमच्याकडे शिष्यवृत्तीची परीक्षा, यू-डायसची माहिती आणि वार्षिक तपासणी एकदम आलेली असते. शिवाय मुख्याध्यापिकेला वाटलं म्हणून भिंतीला भोक पाडता येत नाही. शिक्षण विभागाचं पत्र, अभियंता विभागाची ना-हरकत, विजेचं काम असेल तर विद्युत विभागाकडे मंजूर भार किती याची चौकशी. एका वर्षी वीस संगणक आले. लावले, आणि सगळे एकदम सुरू केल्यावर पूर्ण मजल्याची वीज गेली. वायरिंग ट्यूबलाइट आणि पंख्यांपुरतं होतं. मग आम्ही वेळापत्रकच तसं केलं. संगणक चालू असताना शेजारच्या दोन वर्गांतले पंखे बंद. एप्रिलच्या उन्हात त्या वर्गांतल्या मुलांना संगणकाबद्दल काय वाटत असेल, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण चेहरे दिसायचे.

कायद्यातली एक गोष्ट मला उशिरा कळली. २०२१ च्या नियमांनुसार अशा निधीतून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती लाभ घेणाऱ्यांच्या गटाची, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेची किंवा सार्वजनिक प्राधिकरणाची असली पाहिजे. नियम चांगलाच आहे, नाहीतर कंपन्यांनी शाळेत स्वतःची मालमत्ता उभी केली असती. पण त्याची दुसरी बाजू माझ्या रजिस्टरमध्ये होती. फीत कापली त्या दिवशी वस्तू आमची, आणि दुरुस्तीही आमची. खर्च एकदाच दाखवायचा असल्याने देणाऱ्याचं लक्ष खरेदीवर असायचं. दुसऱ्या वर्षी लागणारा सुटा भाग कुणाच्याच कागदावर नसायचा.

पाण्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिच्यामुळे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचं कामच बदललं.

मुलं पोटदुखीच्या तक्रारी करायची. एका मोठ्या कंपनीचे लोक पाहणीला आले, त्यांना सांगितलं. त्यांनी महिन्याभरात आरओचं यंत्र आणि स्टीलचा मोठा कूलर बसवला. वर कंपनीच्या बोधचिन्हाचा फलक. कार्यक्रम छान झाला, फोटो वर्तमानपत्रात आला. पोटदुखी थांबली नाही. वर पाणी कमी पडायला लागलं. शिपाई म्हणायचा, टाकी दुपारीच रिकामी होते.

समितीच्या बैठकीत एक पालक उठले. वाशीतल्या सोसायट्यांमध्ये फिल्टर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कागदावर हे सगळ्याच शाळांत असतं, पण बैठकीत बहुतेकदा सही करून चहा पिऊन माणसं जातात. हे पालक बोलणारे होते. म्हणाले, "बाई, मी मीटर आणतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी नळाच्या पाण्यात क्षार मोजायचा पेनासारखा मीटर बुडवला. आकडा शंभराच्याही आत. "हे मोरबेचं पाणी," ते म्हणाले. "धरणाचं गोडं पाणी. यात क्षार आहेतच किती? पाचशेपर्यंत चालतं. इथे आरओ लागतच नाही. उलट एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर गटारात सोडतंय." नवी मुंबईला स्वतःचं धरण आहे, खालापूर तालुक्यात धावरी नदीवर, आणि शहर त्याचा अभिमान बाळगतं. ते पाणी आमच्या शाळेत येऊन आम्ही अर्ध्याहून जास्त मोरीत सोडत होतो.

मग ते शिडी लावून गच्चीवर चढले. टाकीचं झाकण फुटलेलं. आत पानं, कबुतराची पिसं आणि तळाला बोटभर गाळ. पाणी धरणातून स्वच्छ येत होतं, आमच्या गच्चीवर घाण होत होतं. टाकी शेवटची कधी धुतली याची नोंद कुठेच नव्हती, कारण टाकी धुणं ही वस्तू नव्हे, तिची नोंद होत नाही.

त्या रविवारी सहा-सात पालक आले. त्यांतल्या दोघी सकाळची धुण्याभांड्याची कामं सोडून आल्या होत्या. त्यांनी टाकी रिकामी केली, ब्रशने घासली, ब्लीचिंग पावडर लावली, पुन्हा धुतली. झाकणाची सोय एका वेल्डरने पत्रा कापून केली. खर्च म्हणजे पावडर, ब्रश आणि सगळ्यांचा वडापाव. आरओ आम्ही बंद करून साधा गाळणीचा आणि अतिनील दिव्याचा फिल्टर लावायचं ठरवलं. पण यंत्र डेड स्टॉकवर चढलेलं. ते असंच काढता येईना. म्हणून ते तिथेच राहिलं, बोधचिन्हासकट, आणि शेजारी साधा फिल्टर लागला. पुढच्या पाहणीला कंपनीचे लोक आले तेव्हा त्यांच्यातल्या तरुण अधिकाऱ्याला मी सगळं दाखवलं. तो बिचारा मनापासून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, आमच्या अहवालात 'टाकी धुतली' असं लिहिता येत नाही. किती मुलांना शुद्ध पाणी मिळालं, तो आकडा लागतो." मी म्हटलं, आकडा तोच आहे, फक्त कारण वेगळं लिहा.

मुलींच्या शौचालयाचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुला-मुलींसाठी वेगळी शौचालयं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची खोली, कुंपण, उताराची वाट, मैदान असं सगळं आहे आणि इमारत पक्की असल्याने आमच्याकडे कागदावर ते होतं. एका संस्थेने सॅनिटरी पॅडचं यंत्र भिंतीवर लावून दिलं. नाणं टाकलं की पॅड बाहेर. पहिला साठा संपला आणि यंत्र रिकामं राहिलं, कारण पुढचा साठा घ्यायचा कशातून याचा विचार कुणी केला नव्हता. सातवी-आठवीच्या मुलींना आमच्या एका तरुण शिक्षिकेने बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला काय हवंय? एकीनेही यंत्राचं नाव काढलं नाही. आतून लागणारी कडी हवी. दप्तर अडकवायला खुंटी हवी. दुपारी नळाला पाणी हवं. आणि खिडकीची काच रंगवलेली हवी, कारण पलीकडच्या इमारतीच्या जिन्यातून दिसतं. वेल्डरदादांनी कड्या आणि खुंट्या एका संध्याकाळी बसवल्या. काच रंगवायला पांढरा रंग शाळेतच पडून होता.

रंगाचं आमच्याकडे कधी कमी पडलं नाही. शनिवारी कंपन्यांचे कर्मचारी बसमधून यायचे, सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट, आणि भिंतीवर वारली चित्रं काढायचे. तारपा वाजवणारा, भोवती फेर धरणारी माणसं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीची बस यायची. त्यांनाही भिंत हवी असायची. एकदा तर आधीचा तारपा नीट वाळण्याआधी त्याच्यावर पांढरा हात मारून नवा तारपा निघाला. मुलांनी वर्षभर लावलेले तक्ते काढून ठेवावे लागायचे. मी वैतागून एका गटाला म्हटलं, चित्रं पुरेत, मुलांजवळ बसून वाचून घेता का?

बहुतेकांनी हसून सोडून दिलं. एक मुलगा मात्र पुढच्या शनिवारी एकटाच आला, टी-शर्टशिवाय. ऐरोलीत आयटीत नोकरी, मूळचा परभणीकडचा, स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. चौथीतल्या ज्या मुलांना जोडाक्षरं अडायची त्यांना घेऊन तो व्हरांड्यात बसायचा. बराच काळ येत राहिला, मग बंगळुरूला बदली झाली. त्याच्या येण्याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये करायची, हे मला माहीत नव्हतं. शेवटी मी ती लॉगबुकात केली, जिथे अधिकारी भेटीचे शेरे लिहितात.

भागीदारीची याहून मोठी तऱ्हा आपल्या शहरातच आहे. सीवूड्समधली महापालिकेची सीबीएसई शाळा आकांक्षा फाउंडेशन चालवतं. इमारत पालिकेची, शिक्षक आणि शिकवणं संस्थेचं. पालक मला विचारायचे, आपली शाळा अशी का नाही होत? पालिकेच्या शाळेसाठी पालक धडपडताहेत हे दृश्य माझ्या नोकरीच्या सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पण मला त्या शाळेबद्दल सर्वांत जास्त वाटतं ते हे, की तिथे कुणी वस्तू देऊन निघून गेलं नाही. रोज सकाळी हजर राहायची जबाबदारी कुणीतरी घेतली आहे. पालिकेच्या प्रत्येक शाळेत असं करावं का, यावर माझं मत वेगळं आहे. मग आमच्यासारखे भरती झालेले शिक्षक कशाला, असा प्रश्न उद्या कुणी विचारला तर त्याला तोंड कुणी द्यायचं?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने दत्तक शाळा योजना आणली. दात्याने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची, मदत रोख नव्हे तर वस्तू आणि सेवांच्या रूपात करायची, आणि ठरावीक रकमेवर शाळेच्या नावाला आपलं नाव जोडता यायचं. मोठ्या महापालिकांत पाच वर्षांना दोन कोटी, ग्रामीण भागात पन्नास लाख. राज्यभर त्यावर गदारोळ झाला. आमच्या समितीतही झाला. एक पालक म्हणाले, दोन कोटी देतात तर लावू दे की नाव, आपलं काय जातंय? म्हातारे बाबा तोवर गेले होते, पण त्यांचा पुतण्या बैठकीत होता. तो तावातावाने बोलला की जागा गावाची, आम्ही नाव लावलं नाही, हे कोण उपरे. वाद वाढला. तेवढ्यात धुण्याभांड्याला जाणाऱ्या त्या दोघींपैकी एक म्हणाली, "बाई, पाच वर्षांनी कंपनी गेली तर पोरांच्या दाखल्यावर काय राहणार? जातीच्या दाखल्याला, पडताळणीला शाळेचं नाव लागतं." मी म्हटलं, दाखल्यावर महापालिका आणि शाळा क्रमांकच राहणार. "मग बोर्डावर काय पण लिहू द्या," ती म्हणाली आणि खाली बसली. आमच्या शाळेला दत्तक घ्यायला कुणी आलं नाही, त्यामुळे ठराव करायची वेळच आली नाही.

पाण्याच्या प्रकरणानंतर आम्ही एक यादी केली होती. शाळा विकास आराखडा कायद्याप्रमाणे समितीनेच करायचा असतो. त्याचीच ही एक पानी आवृत्ती, समितीतल्या बायकांनी सांगितलेली आणि मी लिहिलेली. टाकी वर्षातून चारदा धुण्याचा खर्च. महिन्यातून एकदा प्लंबर. दुपारच्या सुट्टीनंतर शौचालय धुणाऱ्या बाईचा पगार. फिल्टरच्या कँडल. पंख्यांचे कंडेन्सर. आणि तळाला एक अट: यंत्र देणार असाल तर तीन वर्षांचं देखभालीचं कंत्राट सोबत द्या. फोन आला की मी ही यादी पाठवायची. मोठ्या कंपन्यांचे लोक सभ्यपणे उत्तर द्यायचे, "यात दाखवण्यासारखं काही नाही हो मॅडम." काही जण शेजारच्या शाळेत गेले, तिथे इंटरॅक्टिव्ह पॅनल लागले. तिथल्या मुख्याध्यापिका मला टोमणा मारायच्या, तुझ्या अटींमुळे आमचं भलं झालं.

यादी उचलली ती रबाळेच्या बाजूच्या एका छोट्या कारखान्याने. त्यांना तो दोन टक्क्यांचा कायदा लागूच नाही, एवढा नफाच नाही. मालकांशी ओळख पुन्हा जुन्याच वाटेने झाली. त्यांचा फिटर आमचा पालक. मालक म्हणाले, पैसे देत नाही, माणूस देतो. कारखान्याचा शटडाउन असतो त्या दिवशी त्यांचे फिटर आणि इलेक्ट्रिशियन हत्यारांची पेटी घेऊन शाळेत येतात. यादीतला प्लंबर आणि कंडेन्सर त्यांच्याकडून सुटला. शौचालय धुणाऱ्या बाईचा पगार मात्र सुटला नाही. तो शिक्षक आणि काही पालक मिळून काढतात, आणि एखाद्या महिन्यात कमी पडतो.

माझ्या जागी आता दुसरे मुख्याध्यापक आहेत, फिटर तेच. परवा घणसोली स्टेशनबाहेर भेटले. मुलगी दहावीला गेली म्हणजे आता ते पालकही नाहीत, तरी जातात. म्हणाले, "बाई, मुलींच्या बाजूचा एक नळ अजून गळतो. वॉशर दोनदा बदलला, आतली सीटच गेलीय. पुढच्या शटडाउनला नळच बदलतो, तुम्ही सरांना तेवढं सांगून ठेवा, जुना नळ लगेच फेकायचा नाही म्हणून. रजिस्टरला चढलेला असेल."

चढलेला होता. मी सरांना फोन करून पान क्रमांक सांगितला.